जपून ठेवलेले टायर

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की रायपुरात नौतपा लागतो. नऊ दिवस नुसती भट्टी. सकाळी आठला गॅलरीचा गज धरवत नाही, दहानंतर बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत कुत्रंही फिरकत नाही, आणि जवळच्या तलावावरून वारा येतो तोसुद्धा अंगाला चटका देऊन जातो. लोक तोंडाला गमछा गुंडाळतात, खिशात कांदा टाकतात आणि कामाला निघतात. कांदा जवळ असला की लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही, असं इथे सगळे मानतात. मीही ह्यांच्या शर्टाच्या खिशात इतकी वर्षं कांदा टाकत आले. त्याने लू टळली की नाही देव जाणे, पण ह्यांच्या सगळ्या शर्टांना कांद्याचा वास मात्र कायमचा लागला.

हे म्हणजे माझे यजमान. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये यंत्रं सांभाळण्यात ह्यांचा जन्म गेला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दोघांची माणसं विदर्भातली, पण आम्ही इथलेच होऊन गेलो. इतके, की वर्ध्याला गेलो की नातेवाईक आमच्या मराठीला हसतात आणि इथे शेजारी आमच्या हिंदीला.

नौतपा लागल्यावर परवा मी सवयीने गच्चीवर गेले. आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्या या दिवसांत भरलेल्या असतात. कुणाचे पापड, कुणाचे सांडगे, शेजारच्या दीदीची उडीद-कोहळ्याची बिजौरी, माझ्या कुरडया. वर्षभराचं वाळवण याच उन्हात करून घ्यायचं. जुन्या लुगड्यांवर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी घातल्या की मला फार बरं वाटतं. यंदा मी कुरडया घातल्या नाहीत. गच्चीवर उभी राहिले, तिथल्या टिनाच्या खोलीकडे बघितलं आणि खाली आले.

बाकीच्या घरांत नौतपा म्हणजे वाळवण आणि पन्हं. आमच्या घरात त्यात आणखी एक भर असे, ती टायरांची. ह्यांचं म्हणणं, टायर कसा आहे ते नौतप्यात कळतं. उन्हाचं एक बोट गाडीवर पडायच्या आत, पहाटेच, हवा तपासायची. दुपारी तपासलेली हवा खोटी बोलते, असं हे म्हणत. मग उकिडवं बसून चारही टायरांच्या खाचा बघायच्या, त्यात अडकलेले खडे एकेक करून काढायचे. त्यासाठी माझी स्वेटरची सुई लागे. सुई गेली की स्वेटर राहिला, पण रायपुरात स्वेटर घालायचा तरी कधी, म्हणून मीही बोलत नसे.

बरं, हे आपल्या गाडीपुरतं असतं तर ठीक. टायरावर चार आकडे कोरलेले असतात, तो टायर कोणत्या वर्षी आणि त्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात झाला ते सांगणारे. हे ज्ञान ह्यांना झाल्यापासून लग्नाकार्याला जायची मला धास्ती बसली. आत मंगलाष्टकं चालू आणि हे बाहेर पार्किंगमध्ये परक्या माणसाच्या गाडीपाशी मान वाकडी करून आकडे वाचताहेत. एकदा नवरदेवाच्या काकांना गाठून ह्यांनी सांगितलं, की तुमचे टायर दिसायला नवे आहेत पण वयाने म्हातारे आहेत, रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, आजच्या आज बदला. काका पंगतीत आमच्यापासून लांब जाऊन बसले. सगळ्यांना सांगून झालं होतं ह्यांचं. गल्लीत असा एक गाडीवाला उरला नव्हता ज्याला रबराचं वय माहीत नाही.

ती गाडी ह्यांनी रिटायर झाल्यावर घेतली. मिलचे मॅनेजर रायपूर सोडून चालले होते, त्यांची. जर्मन बनावटीची, राखाडी, बुटकी, रुंद, आणि अशी बसकी की आमच्या गल्लीच्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासून घ्यायची. या वयात लोक चारधाम करतात, असं मी म्हटलं. तेही करू, याच गाडीने, असं उत्तर मिळालं. मला राग आला होता, खोटं काहून बोलू. पण एका रविवारी सकाळी हे मला नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर घेऊन गेले. पाय जरा दाबला असेल, माझी पाठ सीटला चिकटली, बाजूची झाडं एकमेकांत मिसळून गेली, आणि हा माणूस, ज्याचा आवाज मी घरात कधी चढलेला ऐकला नाही, तो मोठ्यांदा हसला. मी घाबरून सीटची कड धरली होती आणि ह्यांच्याकडे बघत होते. इतके खूश हे आमची मुलगी पल्लवी झाली तेव्हाच दिसले होते. त्यानंतर गाडीबद्दल मी तक्रार केली ती तोंडापुरती.

गाडीत ताकद भरपूर असून भागत नाही, ती ताकद रस्त्याला पोचते ती टायरमधून, हे ह्यांचं आवडतं प्रवचन. जेवणाच्या टेबलावर तळहात पालथा ठेवून दाखवत. एवढी मोठी गाडी, पण जमिनीला टेकते ती प्रत्येक चाकाची एवढी जागा. चार तळहात. वळणावर आपल्या दोघांचा जीव या चार तळहातांवर असतो, म्हणून टायरमध्ये कंजुषी करायची नाही. मी वरण वाढता वाढता ऐकत असे. माझी कंजुषी कुठे चालते ते ह्यांना चांगलं माहीत होतं, आणि ह्यांचीही मला.

आता ज्या नौतप्याबद्दल सांगायचं आहे, तो काही वर्षांपूर्वीचा. त्या आठवड्यात आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. ह्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल एवढंच मनात होतं. डॉक्टरांनी यंत्रात डोकं ठेवायला लावलं, दिवे चमकवले, बटण दाबायला दिलं. मग आम्हा दोघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं, की हा काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत आहे, आणि बराच पुढे गेलेला आहे. समोरचं दिसतं म्हणून माणसाला कळत नाही, पण बाजूची नजर कडेकडेने मिटत येते. गेली ती परत येत नाही. औषधाने उरलेली टिकवायचा प्रयत्न करायचा. गाडी आता दुसऱ्या कुणाला चालवू द्या, असंही ते म्हणाले. बाहेर उन्हात आल्यावर हे मला म्हणाले, की रात्रीची गाडी बंद करा म्हणतात डॉक्टर. डॉक्टरांनी रात्र हा शब्द काढला नव्हता. मी हव म्हणून मान डोलावली आणि गाडीत बसले.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं. हा माणूस गाडी आपण होऊन सोडतो, की कुणाला धडकल्यावर सोडतो. बाकी सगळं बोलणं त्याच्या आजूबाजूने चालायचं.

डॉक्टरकडून आल्यावर दोनच दिवसांनी हे टायर घ्यायला निघाले. मला म्हणाले, चल. पंडरीत कापडाच्या बाजाराच्या मागे साहू भैयांचं टायरचं दुकान आहे. आत शिरलं की नव्या रबराचा वास नाकात बसतो, पंखा गरम हवाच फिरवत असतो, आणि भिंतीला छतापर्यंत टायर. इतके काळे, इतके गोल, मला तर सगळे सारखेच. ह्यांना मात्र प्रत्येकाचा स्वभाव माहीत. हा कडक रबराचा, वर्षानुवर्षं घासणार नाही, पण वळणावर भरवसा नाही. हा पावसातला, याच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. याचा आवाज फार. हा मऊ, रस्त्याला धरून ठेवणारा, याच्यावर गाडी कितीही वेगात वळवा, पण लवकर झिजणार. हे टायरवर अंगठा दाबून बघत होते, कडेवरून हात फिरवत होते, आणि साहू भैया मान डोलवत होते. डोळ्यांचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी आपलं दुकानदाराचं साधं विचारलं.

"साहब, एक बात बताओ. गाड़ी चलाना कितने साल है?"

ह्यांचा हात त्या कडक टायरवर होता, तो तिथून उचलला आणि मऊ टायरवर ठेवला. म्हणाले, हे द्या. साहू भैयांनी समजावून पाहिलं, की हे जास्त दिवस चालत नाहीत, त्या भावात ते दुसरे दुप्पट चालतील. ह्यांनी नकाराची मान हलवली. ह्यांनी तिथल्या तिथे डोळ्यांचा हिशेब केला होता, आणि तो मला कळला. मी पदराने तोंड पुसत बाहेर आले, समोर रसवंती होती, तिथे उभी राहून उसाचा रस प्यायले.  घामाचं निमित्त बरं असतं, नौतप्यात माणूस रडला तरी कुणाला कळत नाही.

टायर घेतले, पण लगेच चढवले नाहीत. साहू भैयाच म्हणाले, असे मऊ टायर या उन्हात काढू नका, डांबर पातळ झालंय, रस्ता खाऊन टाकेल. ह्यांनाही ते पटलं. पाऊस होऊ दे, मग रस्त्यांवर खड्डे पडतील ते बुजू दे, दिवाळीनंतर छान थंडीत चढवू. त्या संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही खाट टाकून बसलो होतो, तेव्हा हे बोलले.

"एकदाच केशकालचा घाट. या टायरवर. तू न् मी. मग चावी तुले."

केशकालचा घाट म्हणजे बस्तरच्या वाटेवरचा. धमतरी, कांकेर मागे टाकलं की रस्ता साल-सागाच्या जंगलातून एकदम वर चढायला लागतो, एकामागून एक वळणं. मिलच्या कामासाठी हे पूर्वी जीपने जात, तेव्हापासून तो घाट आपल्या गाडीने चढायचं ह्यांच्या मनात होतं. मी विचार केला, एकच फेरी. दिवाळीनंतर. तोवर औषध चालूच आहे. एवढं तर माणसाचं ऐकावं. मी हो म्हटलं.

गच्चीवर टिनाची खोली आहे, जुनं सामान ठेवायची. टायर तिथे ठेवले, तात्पुरते. दिवाळीपर्यंतचाच तर प्रश्न. ह्यांनी त्यांना टाल्कम पावडर लावली, माझ्या दोन जुन्या चादरी फाडून एकेक टायर गुंडाळला, भिंतीशी उभे केले. दर रविवारी वर जाऊन प्रत्येक टायर थोडा फिरवून ठेवत, एकाच बाजूवर भार पडू नये म्हणून. इतकी काळजी पल्लवीच्या पाळण्याचीही घेतली नव्हती ह्यांनी.

आणि दिवाळी आली, गेली. पल्लवीचं बाळंतपण निघालं, मी शंकरनगरला तिच्याकडे राहायला गेले. मग थंडीत ऐकलं की घाटात रस्त्याचं काम चालू आहे, गाड्या दुसरीकडून वळवताहेत. मग ह्यांचा गुडघा. मग पुन्हा नौतपा, आणि नौतप्यात तर मऊ टायर काढायचेच नसतात. हे सगळं खरं होतं. एकही सबब खोटी नव्हती. शिवाय मला ती रीत नवी नव्हती. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ती ठेवायची असते. माझा काचेचा डिनर सेट पाहुण्यांसाठी ठेवलेला, आणि पाहुणे आले की घरचेच तर आहेत म्हणून स्टीलची ताटं. नवे टॉवेल कपाटात, अंग पुसायला जुने, विरलेले. आईने दिलेली लेमन रंगाची पैठणी मी घडी मोडू नये म्हणून इतकी जपली की शेवटी घडीवरच चिरली. असल्या घरात चार टायर चादरीत गुंडाळून ठेवलेले असले, तर त्यात कुणाला काय खटकणार.

पण मला एक कळत होतं. टायर वर आहेत तोवर घाट व्हायचा आहे, आणि घाट व्हायचा आहे तोवर चावी ह्यांच्याकडे आहे. ह्यांनाही ते कळत असणार. वर्षं अशी गेली. ह्यांची कडेची नजर मिटत चालली, आणि खाली जुने टायर गुळगुळीत होत होते.

मी काय करत होते? मी बोलत होते. डाव्या सीटवर बसून अखंड बोलत होते. ती बघा डावीकडे स्कूटरवाली, काय पण साडी नेसली आहे. ही गाय आज रस्त्यात बसली. तो पोट्टा सायकल घेऊन निघाला, आई-बाप लक्ष देत नाहीत. एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून मी एकीकडचा आवाज दुसरीकडे जोडून देत असे, तेच काम पुन्हा सुरू झालं, इतकंच. ह्यांनी कधी विचारलं नाही की तू इतकं काहून बोलून राहिली. हे नुसते माझ्या बोलण्यावर ब्रेक दाबत. आम्ही दोघंही असं वागत होतो की बाईमाणूस आहे, बडबडते. एवढ्या ताकदीची ती गाडी सायकलींच्या मागून हळूहळू सरकायची. मागचे लोक हॉर्न मारायचे आणि ह्यांचा अपमान मलाच लागायचा.

पल्लवीला हे चालायचं नाही, आणि तिचं चुकत नव्हतं. मराठी तिला सगळं कळतं, पण रागावली की ती हिंदीतच येते. एका दुपारी आम्ही तिच्या दारात गाडी लावताना ह्यांनी तिचं फाटक खरवडलं. ती बाहेर आली, ह्यांना काही बोलली नाही, मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"मम्मी, आप दोनों किसी को मार डालोगे. और तब भी आप कहोगी कि धूप तेज थी."

मी तिच्या ओट्यावरचं पाणी पुसत राहिले. तिने त्यानंतर नातवाला आमच्या गाडीत बसू दिलं नाही. ते ह्यांना फार लागलं, पण कारण विचारलं नाही ह्यांनी. गेल्या थंडीत तिने माझं नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. या वयात मी नव्या रायपूरच्या रस्त्यांवर लहानशी गाडी चालवायला शिकले, लायसन्स काढलं. रोज सकाळी स्कूलची गाडी मला घ्यायला यायची. हे गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे असत. मी परत आल्यावर गाडी कशी चालली हे एकदाही विचारलं नाही.

आणि आता हा नौतपा. तो लागायच्या आदल्या दिवशी आम्ही पंडरीत नातवासाठी सदऱ्याचं सुती कापड घ्यायला गेलो होतो. आमची खरेदी आवरली होती, ऊन चढलं होतं. मी खरं सांगते, मी तेव्हा क्षणभर गप्प होते. पिशवीतलं कापड बघत होते. डाव्या बाजूने एक हमाल डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन रस्त्यात उतरला, गठ्ठ्यामुळे त्यालाही बाजूचं दिसत नव्हतं. माझं लक्ष गेलं तेव्हा तो आमच्या गाडीसमोर होता. मी "अहो" एवढंच म्हटलं. ह्यांनी ब्रेक मारला, गाडी घसरत गेली आणि त्याच्या पायाशी थांबली. त्याच्या धोतराचा सोगा बंपरला लागला. त्याने मान न वळवता, सगळं अंगच फिरवून आमच्याकडे बघितलं, डोक्यावरचा भार सावरला आणि पलीकडे निघून गेला. शिवीसुद्धा दिली नाही. कापड माझ्या मांडीवरून खाली पडलं होतं.

घरी येईतो हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. ब्रेक लागला होता, टायर घसरले. जुने झाले, गुळगुळीत झाले, घसरणारच. उद्या नवे चढवतो. मी हो हो म्हणत होते. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नौतपा लागला. हे चहा न घेता गच्चीवर गेले. मागोमाग मी. टिनाच्या खोलीचं दार उघडलं तर आतली हवा तोंडावर आली, कालच्या उन्हाचीच ती. ह्यांनी चादर सोडली. टायर नवाकोरा. नव्या टायरवर असतात ती रबराची बारीक लवही तशीच. खाचा खोल, एकही खडा नाही. मला वाटलं, चला, एवढं तरी जपलं गेलं.

ह्यांनी अंगठा दाबला. मग नख रोवून बघितलं. नख रुतलं नाही. हे दारापाशी उजेडात टायर घेऊन आले, खाचेच्या तळाशी बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे ठेवलं. बारीक चिरा होत्या, टाचेला पडतात तशा. दुसरा सोडला, तिसरा, चौथा. टिनाखाली इतके उन्हाळे तापून चारही टायर लाकूड झाले होते. रस्त्याला एकदाही न लागता गेले. बाहेर शेजारच्या गच्चीवर दीदी बिजौरी उलटत होती, तिने हाक मारून विचारलं की काय काढताय एवढं. मी हात हलवला. याच उन्हात मी दरवर्षी कुरडया वाळवत होते, या खोलीच्या दाराशी, आणि आत हे चालू होतं.

हे त्या टायरवर बसले. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीला, लग्नातल्या परक्या काकांना, रबराचं वय सांगितलं, त्याला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दर रविवारी वर येऊन टायर फिरवणाऱ्या हाताला ते कधीतरी लागलंच असेल.  माझ्याकडे न बघता हे म्हणाले,

"टायर नाही घसरले वं. तो माणूस मले दिसलाच नाही."

मी खाली बसले, ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडले. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायची वाट बघत होते मी, आणि ऐकल्यावर वाटलं, नसतं ऐकलं तर बरं झालं असतं. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला पावडरीचा वास होता.

दोन दिवसांनी साहू भैयांनी माणूस पाठवून गाडी दुकानात नेली. आम्ही ऑटोने गेलो. तोच पंखा, तीच गरम हवा, तेच टायर छतापर्यंत. साहू भैयांनी ह्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं की साहेब, या खेपेला कोणते. पुन्हा तेच मऊ?

"इनसे पूछिए," हे म्हणाले. "गाड़ी अब ये चलाएँगी."

साहू भैयांनी माझ्याकडे बघितलं. सगळे टायर माझ्याकडे बघताहेत असं वाटलं मला. मी ह्यांना विचारलं, सांगा ना, कोणते घेऊ. ह्यांनी हाताने नाही म्हटलं. मग मी पुढे झाले आणि ह्यांच्यासारखाच अंगठा दाबून बघितला, एक, दुसरा, तिसरा. मला त्यातलं काय कळणार. पण इतक्या वर्षांचं ऐकून ऐकून कडक कोणता आणि मऊ कोणता एवढं अंगठ्याला कळलं. मी कडक निवडला. जो पुष्कळ वर्षं चालतो, वेगात वळला तर भरवसा नाही, पण मी कुठे वेगात वळणार आहे. जास्त वर्षं चालतील ते द्या, असं मी साहू भैयांना म्हटलं. आता वर्षं पुष्कळ होती. ज्यासाठी हवी होती ते मात्र हातून गेलं होतं.

टायर चढवून होईपर्यंत आम्ही बाकड्यावर शेजारी बसलो. चाकं उतरत होती, चढत होती. हे त्या आवाजाकडे कान देऊन होते. मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, की माझा हात बसला की दिवाळीनंतर आपण केशकालला जाऊ. मी नेते तुम्हाला. सावकाश जाऊ, घाट बघू.

"राहू दे केशकाल," हे म्हणाले. रागाने नाही, मला समजावल्यासारखं. "घाट काही पाहायचा नसते वं. चालवायचा असते."

 साहू भैयांनी काम झाल्याची खूण केली. गाडी दुकानाबाहेर उन्हात उभी होती, काळे नवे टायर घालून. आम्ही बाहेर आलो. हे सवयीने उजव्या बाजूला गेले. दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी मागे थांबले, पुढे झाले नाही. माझ्याच्याने होईना. मग ह्यांनी दार उघडलं, एक पाऊल मागे सरकले आणि दार धरून माझ्याकडे वळले.

"बस," म्हणाले.

मी बसले. सीट ह्यांच्या उंचीला लावलेली होती, माझे पाय पोचेनात, मी ती पुढे ओढून घेतली. ह्यांनी दार लावलं आणि पलीकडच्या बाजूला जायला निघाले, गाडीच्या पुढून, बॉनेटवर हात ठेवून, चाचपत. ऊन डोक्यावर आलं होतं. पत्रा तव्यासारखा तापला असणार, पण काचेतून मला दिसत होतं, ह्यांनी हात उचलला नाही.